पाइप येईपर्यंत

यंदाचा उसाचा हंगाम सुरू झाल्याचं मला वासानं कळलं. बॉयलर पेटवण्याच्या समारंभाचा फोटो पेपरात आला होता, पण त्यात फेटे, हार आणि मान्यवर इतक्या दाटीनं उभे होते की बॉयलर काही दिसेना. मग एका पहाटे बारामतीतल्या माझ्या गॅलरीत मळीचा वास आला. गूळ आणि ओलं गोणपाट एकाच पातेल्यात उकळत ठेवावं, तसा. बाहेरगावचे पाहुणे या वासानं नाक दाबतात. आम्ही कपाटातून स्वेटर काढतो.

हा वास आला की मला एक आवाज आठवतो. मुरमावरून सायकलचं चाक जातानाचा. डांबरावर सायकल गप्प चालते. मुरमावर ती बोलत राहते, भाजलेले शेंगदाणे तळहातावर चोळावेत तशी, बारीक आणि कोरडी. एका हिवाळ्यात हा आवाज मी रोज ऐकला. त्यानंतर नोकरी, संसार, गुडघे असं सगळं यथाक्रम झालं आणि तो ऐकायचा राहून गेला.

परवाच्या रविवारी तो पुन्हा ऐकला. मी कुसुमकडे गेले होते. कुसुम माझी शाळेपासूनची मैत्रीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली आणि गावी, कालव्याकाठच्या वडिलांच्या वस्तीवर राहायला आली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि बारामतीतच राहिले. आमचं गाव बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागतं. गावाच्या अंगाला लागून डावा कालवा जातो. पुस्तकात तो कालवा, बोलण्यात कॅनॉल. त्याच्या भरावावर मुरमाचा रस्ता आहे आणि कुसुमची वस्ती त्या रस्त्याला चिकटून आहे.

आम्ही अंगणात चहा घेत होतो आणि तो आवाज आला. एक नव्हे, बऱ्याच सायकलींचा. बघतो तर डोक्यावर टोप्या, अंगाला चिकटलेले रंगीबेरंगी कपडे, डोळ्यांवर चष्मे. पुण्याची मंडळी होती. पाणी मागायला थांबली. कुसुमनं कळशीच पुढं केली. त्यांतली एक मुलगी बोलकी होती. ती म्हणाली, "काकू, किती सुंदर रस्ता आहे हो तुमचा!"

कुसुमनं मागं वळून पाहिलं. रस्ता नेहमीसारखाच होता. कडेला वेडी बाभूळ, मध्ये शेळ्यांच्या लेंड्या.

मुलीनं मोबाइल काढून दाखवला. आल्प्सचे डोंगर, हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी आणि त्यातून जाणारी खडीची वाट. तिकडे म्हणे असे रस्ते सायकलवाल्यांसाठी शोधून ठेवतात. मोटार नाही, हॉर्न नाही, नुसती खडी. लोक विमानात सायकली घालून तिथं जातात. त्यासाठी जाड टायरच्या वेगळ्या सायकली मिळतात आणि त्यांची किंमत तिनं सांगितली तेव्हा कुसुमनं कळशी खाली ठेवली.

"आन् डांबर का न्हाय टाकत तितं?" कुसुमनं विचारलं.

"मुद्दाम नाही टाकत काकू. डांबर टाकलं की गाड्या येतात ना."

कुसुम माझ्याकडं बघून म्हणाली, "ऐकलंस का सुजाता? तात्यांचंच म्हणणं की ह्ये."

मुलीला वाटलं, तात्या म्हणजे कुणी सायकलपटू असावेत. तात्यांना सायकल येत नव्हती.

तात्या म्हणजे कुसुमचे वडील. उंच, वाळके, कमी बोलणारे. आम्ही दोघी बारावीला होतो त्या वर्षीची गोष्ट. कॉलेज बारामतीत. पावसाळाभर आम्ही डांबरी रस्त्यानं सायकलवर जात होतो. मी भावाची दांडीची सायकल चालवायची, तिच्यावरून माझे पाय पूर्ण टेकत नसत, त्यामुळे थांबायचं झालं तर मैलाचा दगड किंवा ओळखीचं बांधकाम गाठावं लागे. कुसुमची सायकल लेडीज होती, पण ब्रेक फक्त मागचा. दोघींची मिळून एक बरी सायकल झाली असती.

दिवाळी झाली, कारखान्याचं धुराडं पेटलं आणि डांबरी रस्ता उसाचा झाला. हंगामात आमच्याकडं रस्ता म्हणजे ऊस वाहून नेणारी एक लांबलचक वस्तू असते. बैलगाड्या, ट्रक, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, ट्रेलरच्या बाहेर हातभर आलेल्या मोळ्या, आणि ट्रॅक्टरवर इतकी मोठी गाणी की ड्रायव्हरला मागचा हॉर्न सोडाच, स्वतःचं इंजिन ऐकू येऊ नये. हंगाम लागल्या लागल्याच फाट्याजवळ एका सायकलवाल्याला ट्रेलरनं खाली घेतलं. शेजारच्या गावचा माणूस. जगला, पण पाय गेला.

त्या संध्याकाळी तात्यांनी जेवता जेवता सांगितलं, "हंगाम संपस्तोवर सायकल बंद."

"मग कॉलेज?" कुसुमनं विचारलं.

"यष्टीनं."

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, एस.टी.त कंडक्टर होते, आणि हंगामातल्या एस.टी.बद्दल त्यांचं मत कुणाहीपेक्षा वाईट होतं. गाडी फाट्यावर बैलगाड्यांच्या मागं अडकली की सुटेपर्यंत सूर्य डोक्यावर येई. आमची प्रॅक्टिकलं सकाळी असत. ती बुडाली तर परीक्षेला बसू देत नाहीत, असं सरांनी बजावलं होतं. आणि कुसुमच्या बाबतीत परीक्षा हुकण्याचा अर्थ वेगळा होता. इंदापूरकडची तिची आत्या त्या वर्षी वरचेवर येऊ लागली होती. येताना निमगाव केतकीच्या बाजारातून काहीबाही आणायची आणि कुसुमला उभी करून उंची बघायची. बारावी झाली तर पुढं बघू, न झाली तर उन्हाळ्यात उरकू. असं कुणी बोललं नव्हतं, पण घरातल्या सगळ्यांना ते पाठ होतं.

मी कॅनॉलच्या भरावावरनं जायला लागले होते. तो रस्ता खरं म्हणजे पाटबंधाऱ्याच्या साहेबाच्या जीपसाठी. साहेब क्वचित येई, त्यामुळं रस्त्याचं आयुष्य सुखात चाललं होतं. ऊसवाले तिकडं फिरकत नसत, कारण मऊ मुरमात भरल्या ट्रेलरची चाकं रुतायची. कालवा जसा वळतो तसा तो वळायचा, म्हणून लांब पडायचा. पण आख्ख्या वाटेवर धोका एवढाच, की धुणं धुणाऱ्या बायका चार प्रश्न विचारल्याशिवाय पुढं जाऊ देत नसत.

एक दिवस तिन्हीसांजेला तात्या आमच्या घरी आले. आमची घरं ओढ्यापलीकडं. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतलेली. तात्यांची आणि अण्णांची ओळख चांगली होती, पण ती स्टँडवर, गाडीत, फार तर चावडीपाशी. ओढा ओलांडून तात्या कधी आले नव्हते. अंगणात उभं राहूनच म्हणाले,

"कंडक्टर, तुमची पोरगी कॅनॉलनं जाती म्हनं?"

"जाती की," अण्णा म्हणाले. "बाप यष्टीत हाय, म्हणून तर तिचा यष्टीवर इस्वास न्हाय."

तात्या हसले नाहीत. "आमची बी जाऊ दे तिच्यासंगं. पर दोघी मिळून. एक नसली तर दुसरीनं बी जायचं न्हाय."

"व्हय, व्हय. आधी बसा तर तात्या. च्या घ्या."

तात्यांनी एकदा मागं ओढ्याकडं पाहिलं. मग पायातल्या वहाणा काढून बाजेवर बसले. आईनं चहा आणला. बशीत ओतून, फुंकर घालून ते प्यायले.

"ग्वाड हाय," एवढंच म्हणाले.

"तुमच्याच उसाची साखर, कडू कशी असंल?" अण्णा म्हणाले, तेव्हा मात्र ते हसले.

मोठमोठ्या व्यासपीठांवर समतेची भाषणं मी पुढं खूप ऐकली. ग्रंथालयात नोकरी असल्यामुळं ती छापील स्वरूपात जपूनही ठेवावी लागली. त्या बशीइतकं थोडक्यात कुणाला जमल्याचं आठवत नाही.

मग सुरू झाल्या त्या सकाळी. कालव्याला पाणी सुटलेलं असलं की थंडीत पाण्यावरून वाफ निघायची आणि आम्ही त्या वाफेच्या कडेकडेनं जायचो. ऐलतीरावर आम्ही, पैलतीरावर बगळे. खंड्या तारेवर बसलेला असायचा आणि आम्ही जवळ आलो की निळी रेघ ओढल्यासारखा पुढच्या तारेवर. तो आम्हाला रोज एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत सोडायला येतो, असं कुसुमचं म्हणणं. ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्यांतून धूर निघत असे. त्यांच्या बैलांच्या गळ्यांत घुंगरमाळा होत्या. परवा आल्प्सच्या गायींच्या घंटा मोबाइलमध्ये वाजल्या तेव्हा मला त्याच आठवल्या. फरक एवढाच की आमचे बैल चरत नव्हते, रात्रभर ओढून आता उभे होते.

बाभळीचे काटे ही त्या रस्त्याची जकात होती. पंक्चर झालं की कुसुम पदर, म्हणजे ओढणी, खोचायची आणि चाक उघडायची. दप्तरात सोल्यूशनची नळी, कातरलेली जुनी ट्यूब आणि कानस कायम. ट्यूब कालव्याच्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधताना ती मला रसायनशास्त्राची सूत्रं म्हणायला लावायची. मी चुकले की म्हणायची, "तुझ्यापरीस ह्या ट्यूबला जास्त येतंय, बघ कशी बोलतीय." माझं बरंचसं रसायनशास्त्र त्या काठावर झालं. त्यातलं आता काही आठवत नाही. ट्यूबचा आणि ओल्या मुरमाचा वास मात्र स्वच्छ आठवतो.

असं सुरळीत चाललं होतं आणि त्याच वेळी आमचं कौतुक झालं.

गावात एक आबा होते. कुठलंही उद्घाटन त्यांच्याशिवाय होत नसे आणि उद्घाटन नसेल तर ते शोधून काढत. त्यांच्या कानावर गेलं की गावच्या दोन मुली थंडीत कालव्याच्या काठानं सायकली मारत शिकायला जातात. आबांचं मन भरून आलं. त्यांचं मन भरून आलं की मांडव पडत असे. शाळेच्या पटांगणात आमचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि आबांचं भाषण. भाषणात आम्ही दोघी फार लवकर संपलो, नंतर राज्य, देश आणि आबा असा क्रम लागला. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "आमच्या लेकींनी मुरमातनं जायाचं? आमी जिवंत असताना? ह्या रस्त्यावर डांबर पडंल!"

टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. कुसुम माझ्या कानात म्हणाली, "चला, आता काटं न्हाईत."

आमच्याकडं एखादं काम वर्षानुवर्षं पडून राहतं, पण त्यात कुणाचा सत्कार अडकला की लगेच होतं. गावच्या पुलापासून पुढच्या पुलापर्यंत डांबर पडलं. काळाभोर, गुळगुळीत रस्ता. पहिल्या दिवशी आम्ही त्यावरून गाणं म्हणत गेलो. दुसऱ्या दिवशी समोरून गाण्याचा आवाज आला आणि तो आमचा नव्हता. दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर होता. ऊसवाल्यांच्या लक्षात आलं होतं की या तुकड्यावरून गेलं की फाट्याचा वळसा वाचतो आणि कारखाना जवळ पडतो. आठवड्याच्या आत भरावावर ट्रॅक्टरांची रांग लागली. एका बाजूला भरला ट्रेलर, दुसऱ्या बाजूला भरला कालवा. मधे आम्ही, सायकली पोटाशी धरून, बाभळीत पाठ टेकवून. एकदा मोळीचा शेंडा कुसुमच्या गालावरून ओरखडा काढत गेला.

तात्यांनी तो ओरखडा पाहिला. "आता हितं बी त्येच. सायकल बंद."

कुसुम रडली नाही, जेवली नाही. एस.टी.नं गेली आणि प्रॅक्टिकल बुडवून परत आली. पुन्हा गेली, पुन्हा तेच. सरांनी शेवटची ताकीद दिली. आत्याचा मुक्काम वाढला. करार दोघींचा होता, त्यामुळं माझीही सायकल भिंतीला टेकलेली. अण्णा म्हणाले, "तू एकटी जाऊ नगंस. तात्यांना शबूद दिलाय."

एका सकाळी माझा भाऊ पळत आला. कॅनॉलच्या रस्त्यावर भांडण लागलंय म्हणाला. मी गेले. पुलाजवळ, डांबर सुरू होतं तिथंच, रस्त्याला आडवा चर खणलेला. चांगला मांडीएवढा खोल. कडेला डांबराचे तुकडे आणि मातीचा ढीग, ढिगावर टिकाव टेकून तात्या. समोर ट्रॅक्टर, त्याची गाणी चालूच. ड्रायव्हर खाली उतरलेला.

"ओ तात्या, काय ह्ये?"

"पाइपलाइन करायचीय."

"कवा?"

"पाइप आलं की."

"आन् तवर आमी काय डोक्यावरनं न्यायचा का ऊस?"

"तवर फाट्यावरनं जावा. काल-परवापर्यंत जातच हुता की."

इथं आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. रस्ता कितीही नवा असो, कुणाचाही असो, त्याला आडवा चर पाडायला आमच्याकडं एकच कारण पुरतं. पाइपलाइन. घरासमोर मांडव घातला तर लोक भांडतील, मिरवणुकीनं रस्ता अडवला तर शिव्या देतील, पण पाइपलाइन म्हटलं की समोरचा नुसता सुस्कारा टाकतो. कारण त्यालाही कधीतरी टाकायची असते. पाणी रानात जाणार म्हटल्यावर बोलायचं काय? चर खोदला की तो पाइप येईपर्यंत तसाच राहतो, आणि पाइप कधी येणार हे विचारायची पद्धत नाही.

तरी आबा आले. धोतराचा सोगा धरून चराच्या काठावर उभे राहिले. त्यांचं डांबर होतं ते.

"तात्या, आरं निदान उद्घाटन तरी हुंद्यायचं."

"आबा, डांबर वरनं चांगलंच हाय. पाइप खालनं जानार."

आबांनी वाकून चरात पाहिलं. मग जीपमध्ये बसून निघून गेले.

चर सगळ्या रस्त्याला आडवा होता, फक्त कालव्याच्या बाजूला हातभर पट्टी न खोदता राहिली होती. दगड लागला म्हणून राहिली, असं तात्या म्हणाले. त्या पट्टीवरून ट्रॅक्टर जाऊ शकत नव्हता, बैलगाडी जाऊ शकत नव्हती. सायकल हातात धरून एक मुलगी जाऊ शकत होती, आणि तिच्या मागून दुसरी.

"गाड्या बंद झाल्यात," तात्या घरी म्हणाले. "जायाचं असंल तर जा."

आम्ही पुन्हा सुरू झालो. रोज सकाळी चरापाशी उतरायचं, पाण्याकडच्या पट्टीवरून एकेक करून पलीकडं जायचं, पुन्हा सायकलवर बसायचं. तात्या तिथं उकिडवे बसलेले असायचे. तंबाखू मळत चरात बघत बसायचे, आमच्याकडं नाही. आम्ही पलीकडं गेलो की उठून रानात जायचे. मला वाटायचं, म्हातारा पाइपाची वाट बघतोय.

पुढचं डांबर आम्हा दोघींना आणि खंड्याला मोकळं होतं. पण त्या हंगामातलं माझ्या डोळ्यांपुढं जे राहिलंय ते डांबर नव्हे. चर ओलांडला की उजव्या हाताला तात्यांचा ऊस होता आणि त्याला तुरे आले होते. आजूबाजूची सगळी रानं तुटून मोकळी झालेली, पाचट पेटवून काळी झालेली, आणि मधे हा एकटा उभा फड. वर रुपेरी, किंचित जांभळट तुरे. सकाळचं ऊन त्यांतून यायचं तेव्हा सगळा फड आतून दिवे लावल्यासारखा दिसायचा. वारा आला की तुऱ्यांचा फुलोरा उडून कालव्यावर पडायचा आणि वाहत जायचा. कुसुमनं एक तुरा हँडलला बांधला होता. आम्ही त्या फडापाशी सायकली हळू करायचो. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपलं गाव चित्रात काढण्यासारखं आहे.

तुरा आला म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या मुलीला कळायला हवं होतं, पण ती तेव्हा सूत्रं पाठ करण्यात होती. आणि माझ्या घरी शेत नव्हतं. तुरा आला की ऊस वाढायचा थांबतो. मग तो जितके दिवस उभा राहील तितका आतून पोकळ होत जातो. वजन जातं, रस जातो. त्याला वेळेत तोड मिळायला लागते. तात्यांची तोड आली होती. कारखान्याचा माणूस मोटारसायकलवरनं सांगायला आला, तेव्हा मी तिथंच सायकल घेऊन उभी होते.

"तात्या, उद्या टोळी टाकतो. तेवढा चर बुजवून घ्या, ट्रॅक्टर आत आला पायजे. पल्याडच्या पुलानं आला तर भरावावर वळायचा न्हाय."

"पाइप यायचंय अजून."

"आवो, पाळी जाईल तुमची!"

"जाऊ दे. पुढची घिऊ."

पुढचीही गेली. गाव हसायला लागलं. पारावरनं कुणी तरी ओरडायचं, "काय तात्या, ऊस शोभंला ठेवलाय व्हय?" तात्या म्हणायचे, "व्हय. बगायला या." सगळ्यांचं मत झालं की म्हातारा हट्टाला पेटलाय. अण्णांचंही तेच मत होतं, पण ते चहाची बशी लक्षात ठेवून गप्प बसायचे.

परीक्षा झाली. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी तात्यांनी चर बुजवला. मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मस करून. हंगाम संपत आला होता. उन्हाच्या तडाख्यात त्यांचा ऊस तुटला. टोळीच्या बायका म्हणाल्या, ह्या उसाला कोयता लावला की आवाज येतोय, बांबूवानी. आम्ही दोघी पास झालो. कुसुमला डी.एड.ला प्रवेश मिळाला. आत्या दुसऱ्या भाचीची उंची बघायला गेली.

खरी गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली, कुसुमकडून. तात्या गेल्यानंतर तिच्या भावानं विहिरीवर नवी मोटार बसवली. तात्यांची जुनी पाइपलाइन रस्त्याखालनं गेलीय, तिलाच जोडू म्हणून त्यानं तिथं खोदलं. एका ठिकाणी, मग दुसऱ्या. खाली नुसता मुरूम. पाइप नव्हता. कधीच नव्हता.

"आन् सुजाता," कुसुम म्हणाली, "आमचं रान कॅनॉलच्या चारीवर. दार उघडलं की पाणी आपसूक रानात येतंय. त्याला पाइप लागतंच कुठं? समद्या गावाला ह्ये म्हाईत. एकाच्या बी डोक्यात आलं न्हाय बघ."

"तू त्यांना कधी विचारलं नाहीस?"

"इचारलं हुतं की. नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी. सहज म्हणलं, तात्या, त्या पाइपाचं काय झालं? म्हणालं, आलंच न्हाय. म्हणलं, मग आता? म्हणालं, आता गरज न्हाय."

त्या दिवशी बारामतीला परतताना एस.टी.च्या खिडकीतून कुठल्याशा फडावर तुरे दिसले. मी नजर काढून घेतली आणि मग पुन्हा बघितलं. जे मला चित्रासारखं वाटलं होतं, ते एका माणसाचं वर्षभराचं पीक आमच्या डोळ्यांदेखत हलकं होत होतं आणि त्या उजेडातून आम्ही कॉलेजला जात होतो. तरीही ते सुंदर होतं. काय करणार?

आबांचं डांबर दोन-तीन पावसाळ्यांत वाहून गेलं. त्याचं कुणाला दुःख झालं नाही, कारण तोवर आबांना दुसरं उद्घाटन सापडलं होतं. खाली होता तो मुरूम पुन्हा वर आला. ट्रॅक्टरची चाकं पुन्हा रुतू लागली आणि रस्ता पुन्हा शांत झाला. गेली कित्येक वर्षं वस्त्यांवरच्या मुली हंगामात त्याच रस्त्यानं शाळेला जातात. हल्ली त्यांना शाळेतूनच सायकली मिळतात. ब्रेक दोन्ही असतात.

पुण्याची ती मंडळी पाणी पिऊन गेली आणि त्यांनी आमच्या रस्त्याचे फोटो मोबाइलवर टाकले. ते गावात पोचले. आबांच्या चिरंजीवांना लोक दादा म्हणतात. दादांचं मन भरून आलं. ते कुसुमच्या अंगणात आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले की गावात सायकल महोत्सव घ्यायचा, पुण्या-मुंबईहून लोक बोलवायचे, आल्प्सच्या धर्तीवर. आणि त्याआधी सगळा रस्ता डांबरी करायचा.

"आरं दादा, ते लोक खडीसाठीच येत्यात," कुसुम म्हणाली.

"मावशी, पाव्हण्यांना खडीवरनं न्यायचं? गावाची काय अब्रू राहील?"

"आन् ट्रॅक्टर आलं तर?"

"येऊ द्या की! रस्ता सगळ्यांचाच हाय."

कुसुमनं शाळेत आयुष्य काढलंय. कोणत्या मुलाला समजावत बसायचं आणि कुठं धडा बदलायचा, हे तिला कळतं.

आज सकाळी मी मुद्दाम लवकर निघून तिच्याकडं आले, कारण मोजमापाला माणूस येणार होता. तो आला. तरुण इंजिनिअर, हातात टेप, बरोबर एक मदतनीस. पुलापासून मोजत मोजत ते वस्तीसमोर आले. रस्त्यावरून चार-पाच मुली सायकलवर आल्या. निळा गणवेश, दोन वेण्या. त्यांच्या चाकांखाली मुरूम तसाच बोलत होता. इंजिनिअरला त्यांनी घंटी वाजवून बाजूला केलं. त्यातली शेवटची ओरडली, "बाई, नमस्ते!" कुसुमनं हात केला आणि त्या वळणाआड जाईपर्यंत तो वरच ठेवला.

इंजिनिअर अंगणाशी येऊन म्हणाला, "काकू, इथून खालून कुणाची पाइपलाइन गेलीय का? नंतर खोदाखोदी होते, रस्ता खराब होतो. आधी विचारून घेतलेलं बरं."

मी कुसुमकडं पाहिलं. ती रस्त्याच्या त्या पट्ट्याकडं बघत होती.

"हाय की," ती म्हणाली. "आमच्या तात्यांची."

"जुनी आहे?"

"लई जुनी. आता बदलायची हाय. आडवा चर घ्यावा लागंल सगळ्या रस्त्याला."

इंजिनिअरनं सुस्कारा टाकला. त्याच्याही गावाकडं शेती असणार. "मग आत्ता डांबर टाकून काय उपयोग, काकू? आधी तुमचं होऊ द्या. कधी करताय?"

आतून चुलीवरच्या चहाचा वास येत होता, बाहेरून मळीचा. कुसुमनं पदर खोचला.

"बसा, च्या घ्या," ती म्हणाली. "पाइप आलं की कळवते."